अण्णांच्या शालीत गेलेला चेंडू

"त्या मैदानावर असं काहीही घडू शकत नाही, ज्याचं उत्तर माझ्याकडे नाही!"

प्रतिभा देवरे मॅडमनी हे वाक्य सकाळी सकाळी गॅससमोर उभं राहून, हातातलं उलथनं उंच धरून उच्चारलं. ऐकणारा एकच होता, तो म्हणजे त्यांचा नवरा दीपक. तो पोह्यांत शेंगदाणे शोधत होता.

"आणि कुत्र्याने चेंडू पळवला तर?" त्याने विचारलं.

"पळवला तर चेंडू मेला, म्हणजे खेळ तिथेच थांबला. कुणाला कुठला बेस द्यायचा ते मी ठरवणार."

"आणि पळवून परत आणून दिला तर?"

"तर त्याला तुमच्या जागी उभा करणार! निदान चेंडूवर लक्ष तरी ठेवेल!"

दीपकने पोहे संपवले. या घरात वाद असाच संपायचा. दोघांनी अंपायरची परीक्षा एकाच वर्षी, एकाच बाकावर बसून दिली होती. प्रतिभा जिल्ह्यात पहिली आली. दीपकही पास झाला, पण पुढच्या वर्षी. तेव्हापासून मैदानावर ती चीफ अंपायर आणि तो बेस अंपायर. घरात तो तिला "अगं" म्हणायचा आणि मैदानात "मॅडम". घराच्या फाटकापासून मैदानाच्या फाटकापर्यंत काय म्हणायचं ते मात्र ठरलेलं नव्हतं, त्यामुळे स्कूटरवर दोघंही गप्प असत.

आज मुलींच्या शालेय बेसबॉलची जिल्हा फायनल होती. नाशिकची शाळा विरुद्ध सटाण्याची शाळा. आता यात एक गोम होती, आणि ती प्रतिभाला आठवडाभर झोपू देत नव्हती. नाशिकची शाळा होती चिमाजीअण्णांच्या संस्थेची. आणि प्रतिभा ज्या घोटीच्या शाळेत शिकवत होती, तीही चिमाजीअण्णांच्याच संस्थेची! तिची शिक्षणसेविका म्हणून मुदत संपत आली होती. आता कायम करायचं की नाही, ते अण्णांच्या हातात होतं. अण्णांच्या मनात आलं तर नोकरी पक्की, नाहीतर हातात नारळ!

अशा बाईने अण्णांच्या शाळेची मॅच कशी काय बघायची, असं तुम्ही म्हणाल. ते सटाण्याचे कोच पुंजाराम भामरे यांनाही विचारून झालं होतं. ते म्हणाले, "जिल्हामा परीक्षा पास व्हयेल अंपायर शेतस किती? आन् ही बाई नवऱ्यालेबी सोडत नही, तर अण्णाले काय सोडी?" विषय तिथेच संपला.

मॅच सुरू होण्याआधी दोन्ही कप्तान, दोन्ही कोच आणि दोन्ही अंपायर होम प्लेटपाशी, म्हणजे बॅटर जिथून निघून तिन्ही बेस फिरून पुन्हा 'घरी' येते तिथे, जमले. बेसबॉलमध्ये ही पद्धतच आहे. प्रत्येक मैदानाचं काहीतरी जगावेगळं असतं, त्याचे नियम आधीच ठरवून घ्यायचे. प्रतिभा मॅडमनी घसा साफ केला.

"चेंडू कडुनिंबात अडकला, तर दोन बेस. पाण्याच्या टाकीत पडला, तरी दोन बेस. कुंपणापलीकडच्या द्राक्षबागेत गेला, तर होमरन. पण चेंडू आणायला पिचर जाणार नाही. मागच्या वर्षी गेलेली पिचर अर्ध्या तासाने आली आणि तिच्या गालात द्राक्षं होती."

"आन् तो मांडव?" पुंजारामांनी डावीकडे बोट दाखवलं.

डाव्या बाजूला, मैदानाच्या अगदी कडेला मांडव होता. मांडवात स्टेज, स्टेजवर सोफा आणि सोफ्यावर अजून कुणीच नाही, कारण प्रमुख पाहुणे चिमाजीअण्णा यायचे होते.

"मांडवाला चेंडू लागला, तर दोन बेस," मॅडम म्हणाल्या. "मांडवातले लोक मांडवात. लाइनच्या आत खेळाडू आणि अंपायर सोडून कुणी पाऊल टाकायचं नाही. ऐकताय ना, अमोल सर?"

अमोल सर म्हणजे नाशिकच्या शाळेचे सांस्कृतिक प्रमुख. सत्कार हा त्यांचा श्वास होता. त्यांच्या कपाटात शालींचा गठ्ठा कायम तयार असे. एकदा बोअरवेलची मोटर बघायला आलेल्या माणसाचाही त्यांनी सत्कार केला होता. मोटर त्याच्याने दुरुस्त झाली नव्हती, तरी!

"अजिबात काळजी करू नका, मॅडम," अमोल सर म्हणाले. "मी असताना कार्यक्रमाला गालबोट लागणार नाही!"

मॅच रंगली. आणि मॅडमही रंगल्या! एकदा चेंडू कॅचरच्या छातीवरच्या गार्डमध्ये जाऊन अडकला, मॅडमनी डोळ्याची पापणी न हलवता निर्णय दिला. एकदा दोन मुली एकाच बेसवर येऊन उभ्या राहिल्या आणि "माझा आहे!" "नाही, माझा!" करू लागल्या, मॅडमनी एकीला बरोबर ओळखून बाहेर पाठवलं. लोक टाळ्या वाजवत होते. मुखवट्याच्या आत मॅडम गालातल्या गालात हसत होत्या.

शेवटची इनिंग आली. नाशिक एका रनाने पुढे. सटाण्याची बॅटिंग, त्यांच्या दोन मुली आउट. आणखी एक आउट की नाशिक जिंकलं! सटाण्याची एक मुलगी सेकंड बेसवर उभी होती. बॅट घेऊन आली उज्वला, सटाण्याची सगळ्यात आडदांड बॅटर.

आणि नेमकी याच वेळी चिमाजीअण्णांची गाडी फाटकातून आत आली. सकाळी उद्घाटनाला येणारे अण्णा ओझरचा साखरपुडा उरकून आता पोचत होते, आणि इथून त्यांना आणखी एका वास्तुशांतीला जायचं होतं. अमोल सरांचं डोकं भराभर चाललं. मॅच संपेपर्यंत थांबलं तर अण्णा निघून जाणार! स्टेजवर ऊन नाही, फोटो काळा येणार! लाइनच्या आत दोन पावलं टाकली तर ऊन मस्त, आणि मागे खेळणाऱ्या मुली! सत्काराला लागतो किती वेळ? डोळ्याचं पातं लवेपर्यंत झाला! त्यांनी अण्णांना हाताला धरून लाइनच्या आत आणलं, स्वतः शालीचं एक टोक धरलं, दुसरं शिपायाच्या हातात दिलं आणि शाल अण्णांच्या पाठीमागे ऐसपैस पसरली.

इकडे उज्वलाने बॅट फिरवली. टण्ण! चेंडू आभाळात गेला.

दोनच अंपायर असले की कामं वाटलेली असतात. वर गेलेला चेंडू बघायचा दीपकने, आणि पळणाऱ्या मुलींचे पाय बेसला लागतात की नाही ते बघायचं मॅडमनी. मॅडमनी मान खाली घालून पाय बघितले. सेकंड बेसवरची मुलगी थर्डला पाय लावून घरी पोचली, रन झाला, बरोबरी! उज्वलाने फर्स्टला पाय लावला, सेकंडला लावला. मग मॅडमनी मान वर केली आणि बघतात तर काय, चेंडू कुठेच नाही!

मांडवात मात्र टाळ्यांचा कडकडाट चालू होता. त्याचं कारण पहिल्या रांगेने डोळ्यांनी पाहिलं होतं. आभाळातून आलेला चेंडू अण्णांच्या मागे पसरलेल्या शालीत, झोळीत पडावा तसा अलगद पडला होता. दुसरं कुणी असतं तर दचकून शाल सोडून दिली असती. पण अमोल सरांचे हात सत्कारात मुरलेले! शाल एकदा उघडली की ती खांद्यावर जाऊन पुढे आवळली गेल्याशिवाय त्या हातांना थांबता येत नव्हतं. त्यांनी चेंडूसकट शाल अण्णांना पांघरली, आवळली आणि फोटोसाठी हसले.

"चेंडू कुठंय? चेंडू कुठंय?" नाशिकची फील्डर वेदिका गोल गोल फिरत ओरडत होती. उज्वला थर्ड बेसवर जाऊन थबकली, कारण पुंजारामच ओरडले, "थांब वं! चेंडू कोठून यी भरोसा नही!"

तेवढ्यात वेदिकाला अण्णांच्या पाठीवर, शालीखाली, एक टेंगूळ दिसलं.

पोरगी हुशार! उज्वला घरी पोचायच्या आत तिला चेंडू लावला की ती आउट, हे तिला पाठ होतं. शालीत हात घालणं बरं दिसलं नसतं, म्हणून तिने सरळ अण्णांचं मनगट धरलं. "अण्णा, चला!"

"आगं, कुठं नेतीस?"

"होम प्लेटला, अण्णा! पळा!"

अण्णांना वाटलं, हा कार्यक्रमाचाच भाग असणार. हल्ली सत्कारात काय काय नवीन करतात! एका हाताने शाल घट्ट धरून, पोटाचा भार सांभाळत अण्णा पळू लागले. मागे नारळ आणि गुच्छ घेऊन अमोल सर, त्यांच्यामागे फोटोग्राफर आणि सगळ्यात मागे तो शिपाई. सगळा सत्कार मैदानातून पळत निघाला!

"उज्वला, पय!" पुंजारामांना एकदम उलगडा झाला. "अण्णा पोचाना आगोदर पय!"

उज्वला सुटली. इकडून उज्वला, तिकडून अण्णा! मांडवातले लोक खुर्च्यांवर उभे राहिले. निम्मे "उज्वला! उज्वला!" ओरडत होते आणि निम्मे "अण्णा! अण्णा!" उज्वलाने शेवटी अंग झोकून दिलं, धुळीतून घसरत आली आणि थेट अण्णांच्या पायांशी येऊन थांबली. दोन्ही हात अण्णांच्या बुटांवर!

अण्णा गहिवरले. धापा टाकत त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "आयुष्यमान हो पोरी! लय मोठी हो!"

तेवढ्यात शाल सैल झाली आणि चेंडू टप्पकन खाली पडला. कॅचरने तो झडप घालून उचलला आणि काही राहून जायला नको म्हणून दिसेल त्याला लावला. उज्वलाला लावला, वेदिकाला लावला, अण्णांना लावला आणि नारळ घेऊन पोचलेल्या अमोल सरांनाही लावला.

"आउट!" अमोल सर ओरडले. "चेंडू जमिनीवर पडलाच नाही! अण्णांनी झेल घेतला! शालीत!"

"हाई काय शे, मॅडम?" पुंजाराम धावत आले. "आमनी पोर सेफ शे! आम्ही जिकनूत!"

"आरं, म्या झेल घेतला?" अण्णांचा चेहरा उजळला. "बघा! सवय गेली नाय अजून!"

सगळं मैदान प्रतिभा मॅडमकडे बघू लागलं. मॅडमनी मुखवटा काढला. नियमांचं पुस्तक त्यांना तोंडपाठ होतं. त्यांनी मनातल्या मनात ते पुढून मागे आणि मागून पुढे चाळलं. शाल नावाचा शब्द त्यात नव्हता!

"बेस अंपायर!" मॅडम कडक आवाजात म्हणाल्या. "सल्लामसलत!"

कठीण प्रसंगी अंपायर मैदानाच्या मधोमध डोकी जवळ आणून बोलतात. ते काय बोलतात ते लोकांना कधीच कळत नाही. कळत नाही तेच बरं.

"तुम्ही बघत होतात ना? मग अण्णा आत आल्यावर खेळ का नाही थांबवला?" मॅडम ओठ न हलवता म्हणाल्या.

"मला वाटलं तू परवानगी दिली असशील. तुझेच साहेब ना ते!"

"मी कशाला देईन? आणि मैदानावर 'तू' नाही!"

"बरं, मॅडम. मांडव लांब टाकायला लावा, असं मला सांगायचं होतं. पण स्कूटरवर बोलायचं नसतं ना आपलं!"

"ते घरी बोलू. आता मला एकच सांगा. शाल मध्ये आली नसती, तर वेदिकाने झेल घेतला असता का?"

सगळं इथेच अडलं होतं. मधे आला तो बाहेरचा माणूस, तेव्हा चेंडू शालीत पडला तिथेच मेला, एवढं नक्की. त्यानंतरचं पळणं-घसरणं सगळं बाद. पण बाहेरच्या माणसामुळे फील्डरचा हातातला झेल गेला असेल, तर अंपायर बॅटरला आउट देऊ शकतो. नसेल गेला, तर बॅटरला बेस मिळतात.

दीपकने डोळे मिटून आठवलं. "वेदिका चेंडूच्या बरोबर खाली होती. ग्लोव्ह वर केलेला. झेल नक्की होता."

"म्हणजे शाल आडवी आली?"

"नाही, शाल नंतर. आधी तिला अण्णा दिसले."

"मग?"

"मग तिने नमस्कार केला."

"काय?"

"ग्लोव्हसकट. दोन्ही हात जोडून, वाकून. चेंडू तिच्या डोक्यावरून पलीकडे शालीत गेला."

मॅडम दीपककडे बघतच राहिल्या. पुस्तकात ढकलणं होतं, ओढणं होतं, वाटेत येणं होतं. नमस्कार नव्हता!

मांडवातून लाउडस्पीकर वाजला. अमोल सरांनी होम प्लेटपाशीच माइक मागवून घेतला होता. "रसिकहो, पंचांचं विचारमंथन सुरू आहे! तोवर अण्णांच्या अफलातून झेलासाठी जोरदार टाळ्या!"

"प्रतिभा," दीपक हळूच म्हणाला, "आउट दे. कुणी नाव ठेवणार नाही. अण्णा खूश, शाळा खूश. तुझी नोकरी आहे गं यात."

या वेळी मॅडमनी 'गं' वरून त्याला टोकलं नाही. रोज पहाटे उठून घोटीची बस पकडायची, ती याच दिवसासाठी. आउट म्हणायला लागतं काय? मूठ वळायची आणि हात वर करायचा! त्यांनी उज्वलाकडे पाहिलं. ती पोरगी गुडघ्यांवरची धूळसुद्धा न झटकता त्यांच्याकडे बघत उभी होती. एवढ्या लांब मारलेला चेंडू, आणि तो नमस्कारात आणि शालीत हरवावा! मॅडमना तिचं फार वाईट वाटलं, आणि स्वतःच्या भीतीचा रागही आला.

मग त्यांना वेदिकाचे जोडलेले हात आठवले. अण्णांच्या संस्थेत अण्णा दिसले की नमस्कार करायचा, असा दंडक होता. जो करणार नाही तो तासभर वर्गाबाहेर! स्वतः मॅडमनी घोटीत एका हातात खडू आणि दुसऱ्या हातात डबा असतानाही नमस्कार केला होता, आणि वरण सांडलं होतं.

"दीपक सर," मॅडम एकदम म्हणाल्या, "नमस्कार सक्तीचा असेल, तर त्या मुलीला अण्णांनी हात धरून अडवल्यासारखंच झालं. म्हणजे उज्वला आउट. पण नमस्कार मनापासूनचा असेल, तर झेल तिने स्वतःहून सोडला. म्हणजे उज्वलाला बेस."

"आणि तो कसा होता हे कोण सांगणार? वेदिका? ती खेळाडू आहे, तिला विचारता येत नाही."

"ज्यांना नमस्कार केला, ते सांगतील."

"वेडी झालीस का?"

"मॅडम म्हणा!"

आणि मॅडम तडातडा चालत होम प्लेटपाशी गेल्या. अमोल सरांच्या हातातला माइक त्यांनी मागून घेतला. मांडवातल्या पत्रकारांचे मोबाइल वर झाले.

"अण्णासाहेब," मॅडम म्हणाल्या, "आपण आज मैदानात होतात, म्हणून एक प्रश्न आपल्यालाच विचारावा लागतोय. आपलं उत्तर अंतिम धरून मी निर्णय देईन. झेल समोर असताना वेदिकाने आपल्याला बघून नमस्कार केला. आपल्या शाळांमधल्या मुली आपल्याला नमस्कार करतात, तो मनापासून, की सक्तीने?"

अमोल सरांच्या डोक्यात प्रकाश पडला. ते अण्णांच्या कानाला लागायला धावले, पण हातात नारळ होता, नारळावर गुच्छ होता, आणि अण्णा तर कधीच माइककडे सरकले होते. माइक दिसला की अण्णांना मागचं काही ऐकू येत नसे.

"सक्ती?" अण्णा कडाडले. "माझ्या शाळेत सक्ती? आवो, पोरी मला बघून आपणहून हात जोडत्यात! कुणी सांगावं लागत नाय! मनापासून! शंभर टक्के मनापासून हाय तो नमस्कार!"

टाळ्या! शिट्ट्या! फोटो! वेदिका मात्र आपल्या बुटांकडे बघत होती.

"आभारी आहे," मॅडम म्हणाल्या. "तर निर्णय असा. वेदिकाला कुणीही अडवलेलं नाही. तिने झेल सोडला तो स्वतःच्या इच्छेने, आदरापोटी. म्हणून बॅटर आउट नाही! चेंडू शालीत पडला तिथेच मेला. उज्वलाला सेकंड बेस. आधीचा रन मान्य, दोन्ही संघ बरोबरीत. शालीनंतरचं पळणं, घसरणं, आशीर्वाद, सगळं रद्द!"

"आशीर्वादपण?" अण्णांनी विचारलं.

"खेळापुरता रद्द, साहेब. उज्वलाने तो घरी न्यायला हरकत नाही."

"अपील!" अमोल सर ओरडले. "मी अपील करतो!"

"अंपायरच्या अंदाजावर अपील नसतं," मॅडम शांतपणे म्हणाल्या. "आणि लाइनच्या आत उभं राहून तर मुळीच नसतं. मांडवात जा!"

मांडवसुद्धा हसला. पुंजारामांना सेफ हवं होतं, मिळाला फक्त सेकंड बेस, पण तेही मान डोलावत परत गेले. "न्याय शे," ते पोरींना म्हणाले. "भांडाले जागाच ठेवी नही बाईनी."

मग पुढची बॅटर आली. तिने दुसऱ्याच चेंडूला सेकंड आणि थर्ड बेसच्या मधून सणसणीत फटका मारला, उज्वला सेकंडवरून सुटली, थर्डला पाय लावला आणि घरी पोचली. या वेळी होम प्लेटवर कुणी पाहुणे नव्हते. "सेफ!" मॅडमचे दोन्ही हात पंखांसारखे पसरले. सटाणा जिंकलं!

त्यानंतर जे झालं ते प्रतिभा मॅडमनी आयुष्यात अनुभवलं नव्हतं. सटाण्याच्या मुली त्यांना बिलगल्या. हरलेल्या मुलीही सेल्फी काढायला आल्या. कुणी म्हणालं, असा निकाल कोर्टात लागत नाही. एक आजोबा त्यांना आपल्या बांधाच्या भांडणात घेऊन जायला तयार होते. आणि दीपकने, फाटकाबाहेर आल्यावरही, स्कूटर पुसून मागची सीट दाखवत म्हटलं, "बसा, मॅडम." त्याच्या आवाजात चेष्टा नव्हती. प्रतिभाला इतका आनंद झाला, की तिने हेल्मेट उलटं घातलं.

तेवढ्यात मागून हाक आली. "ओ मॅडम!"

अण्णा गाडीत बसता बसता थांबले होते. शाल घडी घालून काखेत होती. कपाळावर आठी होती.

"मी मघापासून इच्यार करतोय. मी तवा 'सक्तीनं' म्हणलो आसतो, तर?"

प्रतिभाने उलटं हेल्मेट काढलं. "तर उज्वला आउट होती, साहेब. आपली शाळा जिंकली असती."

अण्णांनी शाल दुसऱ्या काखेत घेतली. मग म्हणाले, "सोमवारी ऑफिसात या." आणि गाडी निघून गेली.

झालं! रविवारभर घरात सुतक. प्रतिभाने भाजीत दोनदा मीठ घातलं. दीपकने ती मुकाट्याने खाल्ली आणि वर "छान झालीय" म्हणाला, यावरून परिस्थिती किती गंभीर होती ते कळावं. "जाऊ दे गं," तो म्हणाला, "निर्णय बरोबर होता." ती म्हणाली, "बरोबर होता म्हणूनच तर जाणार!"

सोमवारी दीपक तिला सोडायला आला, आणि एकटीला कसं पाठवायचं म्हणून ऑफिसातही तिच्याबरोबर आला. अण्णा टेबलामागे बसले होते. त्यांनी "बसा" म्हटलं नाही.

"मी काल समद्या हेडमास्तरांना फोन केले," अण्णा म्हणाले. "इचारलं, पोरं मला नमस्कार करत्यात ती मनापासून का? समदे म्हणले, मनापासून. अमोल सर तर फोनवर रडायला लागले. मग मी त्या वेदिकाला तिच्या बापासंगं घरी बोलावलं. तिला म्हणलं, खरं बोल, तुला कुणी रागावणार नाय. ती काय म्हणली म्हायतीये? म्हणली, अण्णा, चेंडूबी दिसत होता आन् तुम्हीबी दिसत होता. चेंडू सुटला तर मॅच जाती, तुम्ही सुटला तर तासभर बाहेर!"

दीपकने खोकून घेतलं.

"तुम्हाला हे ठावं होतं."

"अंदाज होता, साहेब."

"आन् तरी तुम्ही मला चारचौघांत इचारलं. घरच्या मैदानात मला हरवलं, आन् वर मला टाळ्याबी मिळवून दिल्या!" अण्णांना एकाएकी हसू फुटलं. खुर्ची हलेपर्यंत ते हसले. "आजपास्नं नमस्काराची सक्ती बंद! समद्या शाळांत कळवलंय. आन् चेंडू हवेत आसला, तर मनापासून वाटलं तरी नमस्कार करायचा नाय! तुमच्या कायमच्या कागदावर सही झालीये. इतक्या होयबांमधी एक तरी माणूस पायजे, खऱ्याला खरं म्हणणारं. जा, कामाला लागा!"

प्रतिभाचे डोळे भरून आले, छाती भरून आली, आणि नोकरी पक्की झाल्याच्या आनंदात तिचे दोन्ही हात आपोआप जोडले गेले. ती चांगली कमरेत वाकली.

अण्णांनी चष्मा नाकावर खाली ओढला आणि त्यावरून तिच्याकडे पाहिलं.

"मॅडम, हा कंचा? मनापासूनचा, का सक्तीचा?"

प्रतिभा मॅडम वाकल्या त्या वाकलेल्याच राहिल्या. तशाच अवस्थेत त्यांनी मान वळवून सल्लामसलतीसाठी बेस अंपायरकडे पाहिलं. बेस अंपायर ऑफिसात नव्हते. बाहेर स्कूटरला किक बसत असल्याचा आवाज येत होता.